लाल टिपक्याचा ग्लास

"तू खालीच बस. डबे सांभाळ. वर तुला कळण्यासारखं काय आहे?"

वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या. डॉक्टर, त्यांची मुलगी, पुण्याहून आलेल्या वहिनींच्या मावशी, सगळे ऐकत होते. वॉशिंग्टनमधली ती पांढऱ्या खांबांची इमारत. आत खुर्चीत बसलेला मोठा दगडी माणूस. यानं गुलाम मोकळे केले, असं डॉक्टर प्रत्येक पाहुण्याला सांगतात. ते मी चार वेळा ऐकलं. माणूस एकदाही पाहिला नव्हता.

ही याच उन्हाळ्यातली गोष्ट. साल शहाऐंशी. मी इथं अमेरिकेत, एडिसन गावात, डॉक्टर-वहिनींच्या घरी कामाला आहे. पाहुणे आले की त्यांना व्हॅनमधून वॉशिंग्टन दाखवायचं, ही रीत. पहाटे उठून पुऱ्या मी तळायच्या, दहीभात मी कालवायचा. मग प्रेसिडेंटचं घर, तो टोकदार उंच खांब, विमानांचं म्युझियम. ते आत, मी बाहेर डब्यांजवळ. वॉशिंग्टनमधली कुठली पायरी उन्हात तापते, ते मला विचारा.

मावशींनी हळूच विचारलं, "आणि हिचं पाणी?"

"तिचा ग्लास वेगळा. बुडाला नेलपॉलिशचा टिपका लावलाय. अमेरिकेत आलो म्हणून काही सोडलेलं नाही हो आम्ही."

"हुशार गं बाई!" मावशी हसल्या. सगळे वर गेले.

मी ग्लास हातात धरून बसले. गावात आमच्या आळीला पाणी वरून ओतायचे. चौथीत मी शाळेच्या माठाला हात लावला. मास्तरांनी माठ फोडला, मला हाकललं. पाचवी मी पाहिली नाही.

समोर पाणी प्यायचा नळ होता. बटण दाबलं की पाणी खालून वर उडायचं. काळ्या मुलांची एक शाळा आली. त्यांच्या म्हाताऱ्या बाई बटण दाबून उभ्या राहिल्या. एकेक पोरगं तोंड लावून प्यालं. शेवटचं झालं तरी बाईंनी हात काढला नाही. माझ्याकडे बघितलं. मी ग्लास दाखवला, मान हलवली. त्यांना काही कळेना. त्या तशाच उभ्या. पाणी वाहत होतं.

मी उठले. वाकले. प्याले.

माझ्यामागून एक गोरा माणूस आला आणि त्याच नळाला प्याला. नळ कुणी धुतला नाही.

मी पायऱ्या चढले.

"डबे?" वहिनी ओरडल्या.

"खाली."

"कोणाजवळ?"

"कोणाजवळच नाही."

"माजलीस? जा खाली!"

त्या घरात मी कधी उलट बोलले नव्हते. म्हटलं, "बघून झालं की येते." आणि त्या दगडी माणसाकडे बघत राहिले. पोटभर.

घरी आल्यावर ग्लासाचा टिपका मी सुरीनं खरवडला. घरात तसलेच सहा ग्लास आहेत, त्यांत तो ठेवून दिला. आता वहिनी रोज विचारतात, "तुझा कुठला?" मी सांगत नाही. परत पाठवीन म्हणतात. पाठवा. पुढच्या महिन्यात नागपूरचे पाहुणे येणार आहेत. पायरीवर मी बसणार नाही. आणि टिपका परत लावलात, तर परत खरवडीन.