दोरा नाही, नेढं ओलं करायचं

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भवानीनगरच्या घरी ब्लाउजला हूक लावायला बसले होते. बसले होते एवढंच, कारण सुईत दोरा जात नव्हता. मंदा माझी धाकटी जाऊ. बारामतीच्या दवाखान्यात होती, आदल्याच दिवशी मी भेटून आले होते, आणि आता घरी सोडणार असं सगळे म्हणत होते... फोनवर माझी मुलगी अश्विनी होती. ती बारामतीतच नोकरी करते, त्यामुळे काकूच्या उशाशी तीच होती. "आई, काकू गेली," एवढंच बोलली आणि अशी काही रडली! माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगून टाकते. माझ्यासाठी ही एवढी रडेल का? महिना उलटून गेला, पण हा प्रश्न काही मनातून गेला नाही.

आम्हा दोघींचं सासर निरवांगीचं. यजमान कारखान्यात नोकरीला, म्हणून मी भवानीनगरला. मंदा गावी, शेतावर, सासूबाईंजवळ. उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो की दारातल्या लिंबाखाली गोधड्या शिवायचं काम निघायचं. गल्लीतल्या बायका यायच्या, आणि सगळ्यांच्या सुया ओवायचा मान मंदाचा. रिळाचा दोरा न तोडता ती त्यात एकामागून एक सुया ओवून ठेवायची. जिला लागेल तिनं पुढची सुई हवा तेवढा दोरा घेऊन ओढायची आणि दोरा तोडायचा. सासूबाई तर दुसऱ्या कुणाच्या हातची सुई घ्यायच्याच नाहीत. थोरली सून मी, पण मी ओवलेली सुई त्यांनी मुकाट्यानं बाजूला ठेवलेली मी पाहिली आहे.

मी दोरा तोंडात धरून ओला करायची. टोक फुगायचं, पिंजायचं, आणि मी चिडायची. "आक्का, दोरा न्हाय वो, नेढं वलं करायचं," मंदा म्हणायची. "दोरा तिरका कापा. चिमटीत दिसंल न दिसंल असा धरा, आन सुईच खाली आना त्याच्यावर. न्हाई गेला तर सुई फिरवून बगा, एका अंगानं नेढं जरा मोठं असतंय." हे सगळं ती इतक्या गोडीनं सांगायची, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मुद्दाम दोराच चोखत बसायची. एकदा लहानग्या अश्विनीनं काकूचं ऐकून पहिल्याच झटक्यात सुई ओवली. "गेला!" म्हणून तिनं वर पाहिलं... मंदाकडे. मी शेजारीच होते. स्वतःचे दोन मुलगे होते मंदाला, तरी तिला माझीच मुलगी हवी होती, असं मला त्या दुपारी वाटलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

पुढं मला चाळिशी लागली, तेव्हा सुईचं रडगाणं मी अश्विनीला फोनवर ऐकवायची. "आई, काळा दोरा असला की मागं पांढरा कागद धर. काकू म्हणते..." मी फोन ठेवून द्यायची. माझ्याच लेकीनं मला काकूचे धडे द्यायचे!

तेराव्यानंतर अश्विनी म्हणाली, "काकूच्या साड्यांची गोधडी हवी मला. तूच शिव." नाही कसं म्हणणार? निरवांगीला राहिले आणि मंदाच्या ओसरीवर बसून शिवायला घेतली. दोरा तिरका कापला, नेढं ओलं केलं, सुई खाली आणली. दोरा निमूट गेला. बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

वरच्या थराला मंदाची मोरपंखी साडी घातली, मधे जुन्या चादरी. खालच्या थराचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथं मी माझी जांभळी सुती साडी घातली, धुऊन धुऊन मऊ झालेली. आल्यागेल्याला दिसेल ती मंदा, लेकीच्या अंगाला लागेन ती मी. शेवटची गाठ मारली आणि मला खुदकन हसू आलं. अश्विनीला यातलं काही कळायचं नाही, मऊ आहे म्हणेल आणि पांघरेल. ही लबाडी एका नजरेत ओळखणारी बाई एकच होती. "आक्का, तुमी लई हुशार हायसा," म्हणाली असती, आणि मी तोंड वाकडं केलं असतं... गोधडी मांडीवर घेऊन मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, आता ती घरातून बाहेर येईल आणि गोधडी उलटी करून बघेल म्हणून.