आमच्या पत्र्याखाली आलेला देश

तुमच्या घरी कधी एखादा देश चहाला आलाय का? आमच्याकडे आलाय. जळगावच्या मेहरूणमध्ये, माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे आमचा गट उडदाचे पापड लाटतो. देशाचं नाव सांगत नाही. एक तर माणसं चांगली आहेत, आणि दुसरं म्हणजे आमच्या सुमनअक्कांना ते अजून पाठ झालेलं नाही.

त्या देशाची मुंबईत वकिलात आहे. तिथून लहान गटांना मदत मिळते असं कळलं, म्हणून आम्ही अर्ज केला. मागणी साधी होती. पत्रा काढून उंच, पक्कं छत. पापड लाटताना पंखा लावता येत नाही, लाट्या सुकतात आणि कडा तडकतात. जळगावचा मे महिना, वर पत्रा आणि पंखा बंद! मागच्या उन्हाळ्यात आमच्यातली जिजाबाई दोनदा चक्कर येऊन पडली. तिच्या मुलाने सांगून टाकलं, यंदा पडलीस तर काम बंद. जिजाबाई आम्हाला म्हणाली, "घरी बसून मी बोलू कोणाशी? टीव्हीशी?"

अर्ज गेला आणि किस्से साठायला लागले. त्याआधी आमच्याकडे कोणाची सून काय बोलली एवढाच विषय असायचा. आता परराष्ट्र धोरणही आलं.

*

पहिल्यांदा आल्या त्या वकिलातीच्या फर्नांडिस मॅडम. मुंबईच्याच, मराठी छान बोलतात. त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि एकेकीला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

कोणी म्हणालं मोठ्या कारखान्यात, कोणी म्हणालं दुबईच्या बाजारात. जिला जे सुचलं ते. सुमनअक्का गटात सगळ्यात मोठ्या. त्यांनी पोळपाटावरची नजर काढली नाही.

"आठेच. कथा जासू मी?"

इथेच, जाणार कुठे मी. अक्कांचं सगळं बोलणं असं अहिराणीत, इथे बहुतेक मीच मराठीत सांगते आहे. मॅडमनी हसून लिहून घेतलं. पुढे कळलं की वकिलातीच्या अहवालात ते "स्थानिक पातळीवर दीर्घकालीन बांधिलकी" असं छापून आलं. अक्कांना ते वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "मी असं घाणेरडं काही बोलले नव्हते."

*

मॅडम निघाल्या तशी अक्कांनी त्यांची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. मॅडम गडबडल्या. वकिलातीचा नियम, भेटवस्तू घ्यायची नाही, आणि घ्यावीच लागली तर कार्यालयात जमा करायची.

"ही भेट नाही, ओटी आहे," अक्का म्हणाल्या. "परत करून बघा."

मॅडमनी आम्हा सगळ्यांची तोंडं बघितली आणि ओटी घेतली. पण बाई प्रामाणिक. मुंबईला जाऊन जमा केली. खण, तांदूळ आणि नारळ काचेच्या कपाटात, कोणत्या तरी मंत्र्याने दिलेल्या चांदीच्या तलवारीशेजारी बसले. नारळ फोडून खायचा असतो हे तिथे कोणाच्या डोक्यात आलं नाही. काही महिन्यांनी कपाटातून वास यायला लागला. सुरक्षावाल्यांनी मजला रिकामा केला म्हणे!

अक्कांना वाईट वाटलं. म्हणाल्या, इतका चांगला नारळ, वड्या तरी करायच्या.

*

अर्जाचा निकाल लागायच्या आधी वकिलातीने आम्हाला पॅकिंग शिकवलं आणि पाकिटावर लावायला स्टिकर दिले. त्यावर त्यांच्या देशाचं चिन्ह, एक सिंह जीभ बाहेर काढून उभा.

बाजारात आमचे पापड विकणारे शेठ जैन. त्यांनी पाकीट फिरवून फिरवून पाहिलं.

"ताई, गिऱ्हाईक विचारतं, ह्यात हे जनावर किती टक्के?"

मॅडमना कळवलं. मुंबईत त्यावर बैठक झाली. बैठकीत ठरलं की स्टिकर तसाच राहील, फक्त शेजारी शाकाहारीचा हिरवा ठिपका मोठा करायचा. अक्कांनी बैठक न घेता स्टिकर पाकिटाच्या मागच्या बाजूला लावायला सुरुवात केली.

*

मग वकिलातीचे खुद्द मोठे साहेब येणार असं कळलं. शेडची पाहणी करून ते मदतीचं ठरवणार होते. ऐन एप्रिलमध्ये.

आम्ही काय करावं? शेडला चुना काढला. मंडपवाल्याकडून पांढरं कापड आणून पत्र्याखाली ताणलं, पत्रा दिसू नये म्हणून. खाली गालिचा घातला. शेठकडून दोन मोठे कूलर आणले आणि त्यांत बर्फ टाकला. कूलरच्या वाऱ्याने त्या दिवशीचे पापड पोतेऱ्यासारखे मऊ पडले, पण पाहुण्यासाठी तेवढं चालायचंच.

साहेब बसले. दोन देशांचे संबंध दृढ व्हायला हवेत, असं म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. आमच्या गल्लीत दोन घरांचे होत नाहीत, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. मग त्यांनी मॅडममार्फत विचारलं, इथे काम करताना उकडतं का?

आणि आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "नाही हो, छान गार आहे!"

त्यात जिजाबाईचा आवाज सगळ्यात मोठा. आलेल्या माणसाला आपलं घर तापतं असं कोण सांगतं?

पंधरवड्याने मॅडमचा फोन आला. साहेबांना जागा फार आवडली होती. हवेशीर, थंड, नीटनेटकी. म्हणून मदत जास्त गरजू गटाला द्यावी असं त्यांचं मत पडलं होतं. अजून सही झालेली नव्हती, एवढंच.

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं. जिजाबाई लाटत राहिली. तिच्या कपाळावरचा घाम पापडावर पडला, तो पापड तिने मोडून बाजूला ठेवला.

*

मे उजाडला तेव्हा वकिलातीने खानदेशातल्या सगळ्या गटांना धुळ्याला एका हॉटेलात बोलावलं. आम्ही एसटीने गेलो. हॉलमध्ये एसी इतका की सगळ्यांनी पदर लपेटून घेतले. पडद्यावर विकासाचे बाण वर वर चालले होते. प्रत्येक गटाला दोन मिनिटं बोलायला होती.

अक्कांनी माईक हातात घेतला आणि शुद्ध मराठीत बोलल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही पाहुणे म्हणून आलात, म्हणून आम्ही खोटं बोललो. आता पाहुणे म्हणून येऊ नका."

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावहूनच साहेबांचं विमान होतं. सकाळी येतो, म्हणाले.

परतीच्या एसटीत अक्कांनी हुकूम काढला. कापड नाही, गालिचा नाही, कूलर नाही. साहेब आले तरी लाटणं थांबवायचं नाही.

"बठ्ठ्या बशी ऱ्हा. कोणी उठानं नही." सगळ्या बसून राहा, कोणी उठायचं नाही.

"चहा?" मी विचारलं.

"नाही."

जिजाबाई खिडकीशी बसली होती. तिला काही राहवेना. "अक्का, पाणी तरी?"

"पाण्यामागून सरबत येतं," अक्का म्हणाल्या, "आणि सरबतामागून कूलर."



दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, पत्र्याखाली जिजाबाईच्या शेजारी मांडी घालून बसले, अर्धा तास घाम पुसत राहिले, आणि आम्ही कोणीही त्यांना पाणी विचारलं नाही.