बाईंनी मान हलवली

खोकेवाल्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याला हुंगत होती. तसं म्हटलं तर ती त्याच्या पुठ्ठ्याला हुंगत होती, पण तो पुढे जन्मभर शपथेवर सांगत राहिला की त्या दिवशी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी एका श्वासात उरकली गेली. नमुन्याची खोकी काखेत मारून तो साबणाच्या कारखान्याच्या दारात उभा राहिला, "मजबूत माल आहे" एवढंच म्हणाला, आणि तिने एक खोकं नाकाशी नेऊन डोळे मिटले. कामगार थबकले. कढईतला साबणसुद्धा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, रटरटायचा थांबला.

"हा पुठ्ठा ओल्या गोदामात होता," ती म्हणाली. "खळ शिळी आहे. तुम्ही छत्री ओलीच घडी करून ठेवता. सकाळी दूध उतू गेलं ते बाहीने पुसलंत. आणि घरात मांजर आहे."

"मांजर शेजाऱ्यांचं आहे," खोकेवाला कसाबसा म्हणाला.

"झोपतं तुमच्याकडे."

खोकी तिने परत केली. खोकेवाला मात्र ठेवून घेतला. लग्न झालं आणि बिचाऱ्याची खोटं बोलण्याची सोय कायमची गेली. मित्रांबरोबर चोरून ओढलेली विडी तो घरी येईपर्यंत विसरलेला असे, ती विसरू देत नसे.

या नाकावर तिने कारखाना उभा केला होता. पत्र्याची एक लांबलचक शेड, मध्ये भली मोठी कढई, तिच्यात घोटणी फिरवणारी मोटर, भिंतीलगत साचे, आणि मागे एक खोली, जिथे फळ्यांवर साबणाच्या लाद्या वाळत पडत आणि कापणाऱ्या मावशी ताणलेल्या तारेने त्यांच्या वड्या पाडत. कढईवर घोटणारे काका. बांधणी आणि पाठवणी धाकट्या नणंदेकडे. आणि या सगळ्याच्या मधोमध ती, म्हणजे सगळ्यांच्या बाई. तेल तापलं, खार मिसळला, साबण घोटून घट्ट व्हायला लागला की बाटलीतला वास घालायचा, आणि मग काका कागदाच्या पट्टीवर थेंबभर साबण घेऊन अदबीने पुढे करायचे. बाई हुंगायच्या. मान उभी हलली की माल साच्यात. मान आडवी हलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ही मान म्हणजे कारखान्याचा कायदा. बाकीच्यांनाही नाकं होती, पण ती चष्मा ठेवायला. नवीन कामाला आलेली एखादी पोरगी "मला तर छान वाटतोय हो वास" असं म्हणाली की काका तिला समजावत, "अगं, आपल्याला काय वाटतं ते घरी. इथे बाईंना काय वाटतं ते."

धंदा काढणाऱ्या माणसाला एक आजार हटकून जडतो. त्याला वाटायला लागतं की आपण जरा कूस बदलली तर छप्पर खाली येईल. बाईंना तो हाडीमासी खिळला होता. सख्ख्या भावाच्या लग्नात त्या अक्षता पडेपर्यंत थांबल्या आणि जेवणाची पानं मांडायच्या आत कढईजवळ हजर झाल्या. ताप आला तर दोन स्वेटर घालून यायच्या. सर्दी झाली की एका नाकपुडीने काम भागवायच्या.

"चार दिवस कुठेतरी जाऊ या," खोकेवाला वर्षातून एकदा धीर करून म्हणायचा.

"जा की. कोण अडवतंय?"

"अगं, दोघं."

"आणि वास कोण बघणार? तुमचं मांजर?"

मग एका हिवाळ्यात सर्दी आली ती मुक्कामालाच आली. नाक चोंदलेलं, डोकं जड, रात्री झोप नाही, आणि दिवसभर कढईच्या वाफेत उभं राहणं. नणंद म्हणाली, "वहिनी, दोन दिवस पडून राहा." नवरा म्हणाला. मावशी म्हणाल्या. बाईंनी सगळ्यांना नाकाने कांदे सोलू नका म्हणून गप्प केलं. कारण एका मोठ्या हॉटेलाची ऑर्डर आली होती. हॉटेलाला लिंबाचा साबण हवा होता, आणि लिंबाचा वास फार हट्टी. थेंब कमी पडला तर भांडी घासल्यासारखा, जास्त झाला तर औषधासारखा.

सर्दी गेली. एका सकाळी बाई उठल्या, डोकं हलकं, नाक मोकळं. खुशीत चहाचा कप तोंडाशी नेला आणि तिथेच थांबल्या. कपातून वाफ येत होती. वास नव्हता.

त्यांनी पुन्हा हुंगलं. मग चहाचा डबा उघडला. मग कॉफीचा. मग मोरीतल्या फडक्याला हुंगून पाहिलं, ज्याला एरवी त्या चिमट्याने धरत. काही नाही. त्या तशाच कारखान्यात गेल्या, कुणी यायच्या आत कपाट उघडून लिंबाची बाटली नाकाला लावली. नाकाच्या टोकाला थंडगार काच लागली, एवढंच कळलं. आत पाणी असतं तरी फरक पडला नसता.

आता सांगून टाकायला काय हरकत होती? पण ज्या माणसाचं सगळं भांडवल चेहऱ्याच्या मधोमध असतं, तो ते बुडाल्याचं कुणाला सांगेल? काका पट्टी घेऊन आले. बाईंनी डोळे मिटले, नेहमीइतकाच वेळ मोजला, आणि डोळे किलकिले करून काकांच्या तोंडाकडे पाहिलं. काका निवांत दिसत होते. बाईंनी मान हलवली.

तेव्हापासून त्या वास डोळ्यांनी घ्यायला शिकल्या. काकांच्या भुवया वर गेल्या की थेंब जास्त, खाराने नणंद दोनदा शिंकली की कमी. नाटक कंपनीत असत्या तर नाव काढलं असतं. कुणाला संशय आला नाही, कारण ज्याच्यावर श्रद्धा असते त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. पण आतून त्या पार पोखरून निघाल्या होत्या. रात्री बाजूला नवरा घोरत असे, आणि त्या त्याच्या शर्टात तोंड खुपसून हुंगत. ज्या माणसाला त्यांनी आधी वासाने ओळखलं आणि मग नावाने, तो शेजारी असूनही कुठेतरी गावाला गेल्यासारखा वाटे. मग त्यांना रडू येई, आणि आवाज होऊ नये म्हणून त्या उशी दातात धरत.

शेवटी त्या गुपचूप डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी नळी घातली, दिवा मारला, प्रश्न विचारले. झोप किती? सुट्टी कधी घेतली होती? या दुसऱ्या प्रश्नावर बाई इतका वेळ आठवत राहिल्या की डॉक्टरांनी तो खोडून टाकला.

"आतून चांगलंच सुजलंय. त्यात रोजची ती वाफ. औषध देतो, पण कढईपासून लांब राहायचं. झोपायचं, फिरायचं, काम करायचं नाही. नाकाला सुट्टी द्या."

"नाक घरी ठेवून बाकीची मी कामावर गेले तर चालेल?"

डॉक्टर हसले नाहीत. "आत्ता थांबलात तर कदाचित परत येईल. जितका उशीर कराल तितकी आशा कमी. मी घाबरवत नाही, सांगतोय."

बाई घाबरल्या. इतक्या घाबरल्या की सरळ कारखान्यात गेल्या. हॉटेलाची ऑर्डर संपली की सुट्टी घ्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं. धंदेवाल्या माणसाची सुट्टी नेहमी एका ऑर्डरच्या पलीकडे उभी असते.

ऑर्डरीतली शेवटची कढई चढली त्या दुपारी नणंद माल पोचवायला बाहेर गेली होती. शेडमध्ये वाफ दाटली होती, मोटर घरघरत होती. मोटरच्या मागे खोकेवाल्याने आणून टाकलेल्या खोक्यांची रास छताला टेकली होती. काकांनी पट्टी पुढे केली. बाईंनी हुंगल्यासारखं केलं आणि डोळे किलकिले केले.

काकांच्या कपाळाला आठी होती. साच्यांजवळ काम करणाऱ्या दोघीही हात थांबवून त्यांच्याकडेच बघत होत्या.

चुकलं. लिंबू जास्त झालं बहुतेक. किंवा कमी. कुठलं? विचारायचं तर सगळं उघडं पडणार.

"बाई," काका चाचरत म्हणाले, "मला आपलं उगाच... आज जरा जळकट वाटतंय का?"

"तसंच हवंय," बाई फाडकन म्हणाल्या. "हॉटेलवाल्यांनीच सांगितलंय."

"जळकट?"

"काका, वास तुम्ही बघता की मी?"

"तुम्हीच हो, तुम्हीच," काका ओशाळले. बाईंनी मान हलवली. साच्यांजवळच्या दोघींनी सुटकेचा श्वास सोडला, तोही नाकानेच, आणि काम सुरू झालं. एकीने हळूच नाकाला पदर लावला. बाईंनी ते पाहिलं. ऑर्डर गेली, नाव गेलं, उद्या सगळ्या गावाला कळणार. पाठीमागे कुठेतरी तडतड झाली. कढई तडतडतेच, त्या वळल्या नाहीत.

तेवढ्यात नणंद दारात आली आणि उंबऱ्यावरूनच किंचाळली, "वहिनी! आग लागलीये! तुम्ही सगळे करताय काय?"

बाई वळल्या. खोक्यांच्या राशीमागून काळा धूर वर सरकत होता आणि खाली, मोटरच्या वायरजवळ, पिवळी जीभ पुठ्ठा चाटत होती. नणंदेने धावत जाऊन मेन स्विच पाडला. काकांनी वाळूची बादली उचलली. दोघी ओरडत बाहेर पळाल्या. आणि रास धडाडून पेटली.

"मावशी!" कुणीतरी ओरडलं.

मागच्या खोलीचं दार त्या राशीला लागूनच होतं. दार बंद होतं. मावशी आत वड्या कापत होत्या.

बाईंना पुढचं आठवतं ते तुटकतुटक. पिंपात बुचकळलेलं पोतं त्यांनी डोक्यावर घेतलं होतं. डोळे आगीने झोंबत होते, घसा खरवडत होता, गालाची कातडी ताणली जात होती, पण वास नव्हता. एवढी मोठी आग आणि तिला वासच नाही, जणू काचेपलीकडे जळतेय. त्या क्षणी त्यांना जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. ही आग त्यांच्या अंथरुणापर्यंत आली असती तरी त्यांना कळलं नसतं. त्यांनी दाराला लाथ घातली. आत धुरात मावशी फळीला धरून खोकत उभ्या होत्या, हातात अजून तार. बाईंनी त्यांना पोत्यात ओढलं आणि दोघी एकमेकींच्या पायात पाय अडकवत बाहेर येऊन पडल्या. मावशींच्या वेणीचं टोक जळलं होतं.

शेजारच्या दुकानांतून माणसं बादल्या घेऊन आली आणि आग विझली. खोकेवाला धावत येऊन पोचला तेव्हा त्याचा सगळा माल राख झाला होता. "मजबूत होता ना?" तो पुटपुटला, आणि बायको धड दिसल्यावर रस्त्यावरच मटकन बसला.

मावशी पाणी पीत होत्या. बाईंनी विचारलं, "मावशी, तुम्हाला वास नाही का आला?"

"आला की. मघाशीच आला."

"मग बाहेर का नाही आलात?"

"म्हटलं, बाई आहेत ना तिकडे," मावशी अगदी साधेपणाने म्हणाल्या. "खरंच काही जळत असतं तर बाई ओरडल्या असत्या."

"मला पण तसंच वाटलं," साच्यांजवळची एक म्हणाली. काका हातातली रिकामी बादली उलटसुलट करून बघत होते.

"मला वास येत नाही," बाई म्हणाल्या. "या हिवाळ्यापासून. अजिबात येत नाही."

मग मावशी हसल्या. त्यांना वाटलं, बाई धक्क्याने काहीतरी बरळतायत. नणंद मात्र हसली नाही. तिने भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, हिला घेऊन जा. कुठेही जा. आणि हिने फोन केला तर हिला सांग, मी उचलणार नाही."

खोकेवाला बायकोला समुद्राकाठच्या एका खोलीत घेऊन गेला. पहिले काही दिवस फार वाईट गेले. ती झोपेत दचकून उठे आणि म्हणे, "बघा हो, काही जळतंय का?" तो उठे, सगळीकडे हुंगून येई आणि सांगे, "नाही." मग ती त्याचा हात धरून झोपे. दिवसा दोघं वाळूतून चालत. कारखान्याला लावलेले फोन नणंदेने खरोखरच उचलले नाहीत. तिकडे आता वास सगळे मिळून बघत होते. काका, मावशी, साच्यांजवळच्या दोघी, पट्टी हातोहात फिरे आणि भांडणं होत. मावशींना सगळंच जास्त वाटे आणि काकांना सगळंच कमी. मोटर भिंतीपासून लांब हलवली होती.

परतीच्या गाडीत बसताना ती अचानक थांबली, नवऱ्याच्या शर्टाकडे झुकली आणि म्हणाली, "विडी."

"एकच," तो म्हणाला आणि रडायला लागला.

हॉटेलाला साबण नणंदेने पाठवला. त्यांनी पुन्हा तेवढाच मागवला, वासाबद्दल काही कळवलं नाही. कारखाना आता आठवड्यातून एक दिवस बंद असतो. बाईंना गुलाब येतो, धूर येतो, विडी येते. लिंबू अजून येत नाही.