स्टार्टरच्या पेटीतलं घरटं

थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या शेतावर विहिरीकाठी पंपाच्या स्टार्टरची पेटी आहे. परवा सहज तिचं झाकण उघडायला गेलो, तर दाजींनी हात धरला.

"हळू. पिल्लं आहेत आत."

मी झाकण हळूच उघडलं. वायरींच्या मधोमध साळुंकीचं घरटं होतं, काड्यांचं आणि खताच्या गोणीच्या दोऱ्यांचं.

"दिवाळीत डीपी जळाली, अख्ख्या शिवाराची वीज गेली, तेव्हापासून मोटर बंदच आहे," दाजी म्हणाले.

मी वीज कंपनीत वर्षभराच्या विक्रीचा अहवाल तयार करतो. घरं, दुकानं, कारखाने यांचे आकडे मीटरवरून येतात. शेतीच्या बऱ्याच पंपांना मीटरच नाहीत. मग गळालेली, चोरीला गेलेली, कुठेच न बसणारी सगळी वीज आम्ही शेतीच्या रकान्यात बसवतो. त्याला कोणी खोटं म्हणत नाही, अंदाज म्हणतात. यंदा आलेखात शेतीचा हिरवा खांब सगळ्यांत उंच गेला. साहेब म्हणाले, "शेतकरी कसा वीज पितोय बघा!" सगळे हसले. मीही हसलो.

ज्याचं कोणी मोजत नाही, त्याच्या माथी काहीही मारता येतं. माझ्या कागदावर ही विहीर वर्षभर उपसली जात होती. आणि इथे पिल्लं माझ्याकडेच बघून चोची वासत होती.

दाजींनी झाकण अलगद लोटलं. "आता नवी डीपी आली तरी पिल्लं उडेपर्यंत मोटर लावायची नाही," ते म्हणाले. "तेवढीच तुझ्या कंपनीची वीज वाचेल."

ती वीज मी त्यांच्या नावावर केव्हाच टाकून बसलो होतो.