साठावं नाव

आमच्या कॉलेजचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी आकडा चुकू देत नाही असं सगळे समजतात. चांदूर बाजार तालुक्यातलं हे कॉलेज कापसाच्या गोदामात, दोन खोल्यांत सुरू झालं. मी पहिल्या वर्षापासून इथं शिकवतो. स्मरणिकेसाठी जुने हजेरीपट काढले आणि वर्षवार पटसंख्या मांडू लागलो.

तेव्हा तुकडी टिकवायला साठ नावं लागत. पोरं-पोरी कापूस वेचायला गेल्या की वर्ग निम्मा. म्हणून मी शनिवारी बसून आठवड्याच्या हजेरीच्या रेघा एकदम ओढायचो. सगळे हजर. त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कॉलेज जगत होतं.

दुसऱ्या वर्षी पटावरचं साठावं नाव एका मुलीचं होतं. भादव्यात वाटेवरच्या नाल्याला पूर आला, त्यात ती वाहून गेली. दुसऱ्या दिवशी तिचा देह सापडला. नाव कमी केलं तर एकोणसाठ उरत होती. मी ठेवलं.

जुने पट निघाल्याचं तिच्या आईच्या कानावर गेलं. मागच्या आठवड्यात बाई आल्या. बसल्या नाहीत.

"सर, त्या रोजी माही पोरगी वर्गात आली होती काय? थे जातानी वाहली का येतानी, मले येवढंच सांगा. पाऊस होता, थे नाई म्हने. मीच धाडलं. म्हटलं, हजेरी बुडन."

मी पट उघडला. त्या तारखेच्या चौकोनात रेघ होती.

"आली होती, बाई," मी म्हणालो.

बाईंनी डोळे मिटले. मग पट स्वतःकडे ओढला. सातवी शिकलेल्या. लेकीच्या नावावर बोट ठेवून ते पुढं नेलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"अन् ह्या रेघा कोनाच्या? ह्या तं तिच्या तेरवीच्याबी पुढच्या हायेत."

मी खरं सांगितलं.

"म्हंजे मार्चापर्यंत येत होती म्हना. मंग परीक्षेले काहून नाई बसवली?"

बाई निघून गेल्या.

तेव्हापासून मी तो दिवस आठवतो. पत्र्यावर पाऊस वाजतोय, मी फळ्याकडे तोंड करून शिकवतोय. मागं कोण बसलंय ते मी पाहत नाही. कधी दाराशी एक ओली छत्री दिसते. ती छत्री तेव्हा होती की आठवणीत मीच नंतर तिथं ठेवली, सांगता येत नाही. माझी मुलगी अमरावतीला शिकते. पोचल्याचा तिचा फोन आल्याशिवाय मी जेवत नाही.

इतिहासात दुसऱ्या वर्षापुढं मी एकोणसाठ लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि सही केली. पटावर तिच्या नावापुढच्या नंतरच्या सगळ्या खोट्या रेघांभोवती लाल शाईनं गोल केले. पुराच्या त्या एका तारखेपाशी हात थांबला. ती रेघ कदाचित खरी असेल.