कुसुमचा निबंध आणि आमच्या वन्सं

तार आली तेव्हा मी पुण्यात होते आणि हातात यादी होती. माझी मुलगी कुसुम हिला तिथल्या मुलींच्या वसतिगृहात पोचवून झालं होतं. वळकटी, कंदील, तांब्या, परकर-पोलकी, सगळ्यांपुढे खुणा झाल्या होत्या. एकच ओळ राहिली होती आणि ते काम काशीला परतल्यावर करायचं होतं : ‘वन्संना सांगणे’. तारेत मजकूर थोडकाच होता. माझ्या नणंदबाई, ताराबाई, चार दिवसांच्या तापात गेल्या होत्या.

आमचं घर मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू आमच्याकडे उतरतात. आमचे हे त्यांना दशाश्वमेधावर नेतात, विधी सांगतात. वन्सं लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना खिडकीखालच्या पाटावरच पाहिलं. शेजारी दौत, टाक, आणि राजाचं डोकं छापलेली टपालाची कार्डं. ज्या यात्रेकरूंना लिहिता येत नसे त्यांची ‘सुखरूप पोचलो’ची पत्रं त्या लिहीत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. यात्रेकरूंना घरून येणारी पत्रं वाचता वाचताच त्या शिकल्या होत्या.

कुसुमची शाळा दहाव्या वर्षी सुटली. आमच्यात मोठ्या मुलींना शाळेत पाठवत नसत, मामंजींची तशी शिस्त होती. पुढचे धडे घरीच. गणित हे बघत आणि मराठी माझ्याकडे आलं. ती बारा वर्षांची झाली तेव्हा मी पुण्याच्या शाळेचा विषय काढला. शाळेने मुलीच्या हातचा एक निबंध मागवला होता, विषय ‘आमची नदी’. मामंजी म्हणाले, “एकदा पाठवून बघा. नाही म्हणाले तर विषय संपला. माझ्याकडे दोन स्थळं येऊन पडली आहेत.”

म्हणजे जे काही होतं ते त्या एका निबंधावर. मी कामाला लागले. व्याकरण, शुद्धलेखनाच्या वह्या, शब्दांचा संग्रह आणि नमुन्याच्या निबंधांचं एक जाड पुस्तक, अशी यादी करून सगळं टपालाने मागवलं. वन्संना यादी दाखवली. त्यांनी ती नीट वाचली.

“वहिनी, किराणा तर छान भरलास. आता स्वयंपाक कोण करणार?”

मला राग आला. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कार्डापलीकडे काही लिहिलं नाही, तिने मला निबंध शिकवू नये, असं मी मनात म्हटलं. नाही... मनात नाही, जरा मोठ्यानेच म्हटलं. वन्संनी टाक पुसला आणि उठून गेल्या.

कुसुमने पुस्तक पाठ केलं, निबंध लिहिला. मी दोनदा तपासला. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं नव्हतं. तो गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. सोबत तिथल्या बाईंची चिठ्ठी होती : ‘कन्येचे अक्षर उत्तम आहे. मात्र काशीची नदी उन्हाळ्यात आटते व बायका वाळूत झरे खणून पाणी भरतात, ही बातमी आम्हांस नवी आहे. महिनाअखेर पुन्हा लिहून पाठवावा.’

खिडकीखाली गंगा वाहत होती. तीत झरे खणणारी बाई आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिली नसेल. आणि ते वाक्य मी दोनदा वाचून त्यावर खूण केली होती.

मामंजी म्हणाले, “म्हणजे नाही म्हणाले.”

“नाही म्हणाले नाहीत, बाबा,” वन्सं आतून म्हणाल्या, “पुन्हा लिहा म्हणाले. कुसुम, इकडे ये. पाटावर बस.”

त्या दिवशी साताऱ्याकडच्या एक म्हाताऱ्या यात्रेकरू पत्र सांगायला आल्या होत्या. वन्संनी टाक कुसुमच्या हातात दिला. म्हातारी सांगत गेली, कुसुम लिहीत गेली. मग वन्संनी ते मोठ्याने वाचलं : ‘पुण्यसलिला भागीरथीच्या दर्शनाने माझे अंतःकरण प्रफुल्लित झाले.’

म्हातारी इकडेतिकडे बघायला लागली. “ह्ये कोन बोललं? म्या न्हाई, बाई.”

कुसुम हसत सुटली. “आत्या, हे तर सगळं किताबातलं आलं!”

“मग फाड. त्यांना विचार, कोणाला लिहायचंय? आज काय पाहिलंत?”

दुसरं कार्ड मला अजून आठवतं. ‘गंगा लई मोठी हाय. पायरीवर शेवाळ हाय, पाय घसरला, शेजारणीनं धरलं. गाय व्याली का ते कळव.’ म्हातारीने ते तीनदा वाचून घेतलं आणि पदराने डोळे पुसले.

पुढचे पंधरा दिवस वन्संनी एकही पुस्तक उघडू दिलं नाही. रोज एक कार्ड लिहवून घ्यायचं आणि मग खिडकीतून बघून सांगायचं, घाटाच्या पायऱ्या किती उघड्या आहेत. पूर ओसरत होता. एकदा दोघी नावेने रामनगरला गेल्या, आपलं घर पलीकडून कसं दिसतं ते पाहायला. कुसुम येऊन म्हणाली, “आई, आपली खिडकी केवढीशी आहे गं!” तिने निबंध लिहिला तो पुराचा. पाणी कोणत्या दिवशी किती पायऱ्या चढलं, देवळाचा कळस तेवढा कसा उरला, आणि पाणी गेल्यावर राहिलेला गाळ फावड्याने पुन्हा गंगेत कसा लोटतात. शेवटी गंगेच्या थोरवीची दोन वाक्यं असावीत म्हणून मी टाक उचलला, तर वन्संनी माझा हात धरला. “राहू दे, वहिनी. तिचं बोलून झालंय.”

पौषात होकार आला. शेजारच्या बायका विचारायला आल्या, एवढं शिकवलं कोणी? मी म्हणाले, “पुस्तकं मागवली होती पुण्याहून. त्यांचा फार उपयोग झाला.” वन्सं तिथेच मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “झाला की. कुसुमने त्यात पिंपळाची पानं वाळवली.” बायका हसल्या, मीही हसले. मग तो विषय निघाला नाही. मी काढला नाही. तुमचं बरोबर होतं, एवढे तीन शब्द... रोजच्या कामांच्या यादीत ते लिहिले असते तर कदाचित त्याच दिवशी झाले असते. लिहिले तेव्हा उन्हाळा आला होता आणि मी पुण्याच्या गाडीत बसले होते.

तारेनंतर तिसऱ्या दिवशी मी घरी पोचले. खिडकीखालचा पाट तसाच होता. दौतीतली शाई वाळली होती. पाटावर एक कार्ड होतं, पत्त्याची बाजू वर, कुसुमच्या अक्षरात ‘ती. आत्यास’. तार यायच्या दोन दिवस आधी तिने ते टाकलं होतं. ह्यांनी उचललं नव्हतं, वाचलंही नव्हतं.

मी पाटासमोर खाली बसून ते मोठ्याने वाचलं. ‘आत्या, इथली नदी पाहिली. खरंच आटलीय. बायका वाळूत झरे खणतात, मी वाटीने पाणी भरू लागले. पुस्तकातलं खोटं नव्हतं, पण मी तेव्हा पाहिलं नव्हतं. आता निबंधात लिहिलं तर चालेल ना? आपल्याकडे पायऱ्या किती ते कळव.’

ते कळवायचं काम आता माझ्याकडे आहे. श्रावण लागलाय, पाणी चढतंय. यात्रेकरू येतात, मी पाटाच्या बाजूला सतरंजी टाकून बसते आणि विचारते, कोणाला लिहायचंय? यादीतली ती ओळ तशीच आहे. तिच्यापुढे खूण करता येत नाही आणि खोडवतही नाही. तिच्याखाली मी रोज सकाळी खिडकीतून बघून एक आकडा लिहिते. आज सतरा पायऱ्या उघड्या आहेत, वन्सं.