तबकडीचा राब

शिळफाट्याच्या एका कारखान्यात मी चहा करायची आणि केर काढायची. कचेरीच्या टोकाला संगणकाची खोली होती. चपला बाहेर काढायच्या. आत गार, पडदे ओढलेले. यंत्राची घूं घूं ऐकत फडकं फिरवताना मला पाण्याखाली चालल्यासारखं वाटे.

तिथे बसणारी बाई दहिवलीची, माझ्या भाचीच्या वयाची. कामगारांचे पगार ती यंत्रात भरायची. होळीच्या सुमारास यंत्र अडायला लागलं. मोठे साहेब म्हणाले, "या पगाराला चाललं नाही तर पुन्हा जुने कारकून आणि वह्या." म्हणजे बाईची नोकरी जाणार, हे मलाही कळलं.

मुंबईहून दुरुस्तीवाला आला. म्हणाला, "आतली हार्ड डिस्क फॉरमॅट करावी लागेल. तबकडीवरचं सगळं पुसलं जाईल." दिवाळीपर्यंतचं बाईनं फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलं होतं. पुढचं नव्हतं.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. खरंच पुसू का, असं यंत्र विचारतंय म्हणे. एक बटण दाबायचं. बाईचा हात तसाच वर राहिला.

"दाबा ना मॅडम, चावत नाही ते," दुरुस्तीवाला म्हणाला.

मी चहा घेऊन दारात उभी. एरवी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण खिडकीच्या फटीतून धुराचा वास येत होता. बाहेर राब भाजत होते. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, झाडाखालचा पातेरा, माती पसरून आमच्याकडे तो जाळतात.

"बाई," मी म्हटलं, "राब भाजला म्हणून जमीन मरती काय? बियाणं हाय ना ठेवलेलं?"

"अर्धंच हाय गं मावशी."

"मग अर्धं पेरा. बाकीचं मागून आणू."

ती हसली. "राब पेटवताना आमची आई हळदकुंकू वाहते. हाय का तुझ्याकडं?"

"ओ, मशीनवर पावडर नको हां!" दुरुस्तीवाला ओरडला. "साहेब मलाच भाजतील."

माझ्या पिशवीत पुडी होती. चिमूटभर उंबऱ्यावर वाहिलं. बाईनं बटण दाबलं.

मग आकडे सावकाश चढत राहिले. वाळली पानं तडतडावीत तसा बारीक आवाज येई. वाटलं, आत कुणी ओणवं होऊन पातेरा पेटवत चाललंय, फक्त धूर दिसत नाही. चहा गार झाला.

फ्लॉप्यांवरचं परत चढलं. दिवाळीनंतरचं मात्र हजेरीच्या वहीतून पुन्हा भरायचं होतं. वहीत बघायचं, पडद्यावर बघायचं, बाईची मान अवघडली.

"मावशी, तू वाच गं. मी भरते."

चौथीनंतर मी कुणासमोर मोठ्यानं वाचलं नव्हतं. पहिलं नाव पुटपुटले.

"हे उंदरालाच ऐकू गेलं," बाई म्हणाली.

मग वाचत गेले. बांधावरून हाक मारावी तशी एकेक नाव घेत. ओळखीची माणसं, आजूबाजूच्या गावांची. मी हाक मारायची आणि ती माणसं हिरवी होऊन पडद्यावर उभी राहायची.

पगाराच्या दिवशी कागदाची लांब पट्टी यंत्रातून खाली उतरत राहिली. साहेबांनी ती हातात धरून पाहिली, "बरं" म्हणाले आणि गेले. जुन्या कारकुनांचं नाव पुन्हा निघालं नाही. बाई खुर्चीत डोळे मिटून बसली.

मी फरशी पुसायला वाकले. उंबऱ्यावर कुंकवाचा डाग होता. तेवढा सोडून पुसलं.